घराच्या रंगाची पारख : भिंती, दारे आणि खिडक्या

घर बांधताना किंवा विकत घेताना गृहस्थ जी सावधगिरी बाळगतो, तिचा दशांशही तो घर रंगविताना बाळगत नाही. जमिनीचे दस्तऐवज तपासले जातात, सिमेंटचे आणि लोखंडाचे दर चार ठिकाणी विचारले जातात, दारासाठी घ्यावयाच्या सागवानाचा तुकडा उजेडात धरून पाहिला जातो. परंतु रंगाची बाब निघाली की सारा विचार शेडकार्डावरील छटांपाशी येऊन थांबतो, आणि डब्यात कोणते द्रव्य आहे, ते कोणत्या पृष्ठावर बसावयाचे आहे व किती वर्षे टिकावयाचे आहे, हे प्रश्न दुकानदाराच्या आणि रंगाऱ्याच्या मर्जीवर सोपविले जातात. वास्तविक गिलाव्याला ओलीपासून, लाकडाला कुजण्यापासून आणि लोखंडाला गंजण्यापासून राखण्याचे काम रंगाच्या त्या पातळ थराकडे असते. शोभा त्याच्यामागून येते. म्हणून चांगला रंग कोणता, याचा विचार भिंतीपासून सुरू होऊन डब्यातील द्रव्याकडे, तेथून खर्चाच्या हिशेबाकडे आणि सर्वांच्या शेवटी छटेकडे जावा, असे माझे मत आहे. आणि साधारणतः त्याच क्रमाने येथे या विषयाचा आढावा घेतला आहे.

आपल्या जुन्या घरांपुढे निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. कोकणातील जांभ्याच्या आणि देशावरील दगडविटांच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असे, आणि पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमारास त्यावर चुन्याची सफेदी होई. कळीचा चुना विरवून, फडक्यातून गाळून, त्यात डिंकाचे पाणी आणि किंचित नीळ मिसळून केलेला तो पातळ लेप हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो. त्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशीला सहसा थारा मिळत नाही, आणि तो सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील ओल अडून न राहता बाहेर निघून जाते. हाताला लागणे आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागणे, हे त्याचे दोष खरे. परंतु जेथे भिंतीचा गिलावाच चुन्याचा आहे, तेथे आजही त्याच्याइतका अनुरूप लेप दुसरा नाही. दारे-खिडक्यांना मात्र जवसाच्या तेलात घोटलेला सफेदा किंवा अन्य रंगद्रव्ये लागत, आणि लोखंडाला त्याच तेलात कालविलेल्या शेंदराचा पहिला हात देत.

कारखान्यात तयार झालेल्या रंगाचा आपल्याकडील इतिहास सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा आहे. १९०२ साली हावड्यास शालिमारचा कारखाना निघाला. १९२० साली मुंबईच्या लोअर परळ भागात, पुढे नेरोलॅक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या उद्योगाचा आरंभ झाला. आणि १९४२ साली, ऐन युद्धकाळात, मुंबईतच चार मित्रांनी एशियन पेंट्सची स्थापना केली, जिच्यासाठी १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी हाती ब्रश घेतलेल्या गट्टूचे चित्र रेखाटले. याच अर्धशतकात रंगाचे रसायन पालटले. जवसाच्या तेलाची जागा प्रथम अल्किड रेझिनने घेतली, ज्यापासून आजचे सिंथेटिक इनॅमल बनतात. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात विखुरलेल्या रेझिनच्या सूक्ष्म कणांचे, म्हणजे इमल्शनचे, युग सुरू झाले. त्यामुळे आज भिंतीसाठी पाण्याचे इमल्शन व डिस्टेंपर आणि दारे-खिडक्यांसाठी तेलाच्या वंशातील इनॅमल अशी स्थूल विभागणी आढळते, आणि अलीकडे पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलची तिसरी शाखाही तिच्यात सामील झाली आहे.

भिंतीचा विचार प्रथम करावयाचा तो अशासाठी की, रंग बिघडल्याच्या बहुतेक कैफियतींचे मूळ रंगात नसून रंगाखाली असते. सिमेंटचा नवा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याच्या पोटात पुष्कळ पाणी असते. तो पिकण्यास आणि सुकण्यास निदान २८ दिवस, आणि शक्य असेल तर त्याहून कितीतरी अधिक मुदत दिली पाहिजे. अशा कच्च्या भिंतीवर तेलाचा रंग चढविला तर अल्क आणि तेल यांच्या संयोगाने साबण तयार होऊन रंग चिकट होतो व सुटू लागतो. इमल्शन लावले तर पाण्याबरोबर वर येणारे क्षार त्याला आतून ढकलतात, आणि भिंतीला लोणा लागून पोपडे निघतात. भिंत सुकली की नाही, याची खातरजमा करण्याची एक सोपी रीत आहे: प्लॅस्टिकचा दोन फूट चौरस कागद चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करावा आणि एक अहोरात्र तसाच राहू द्यावा. आतल्या अंगास दव जमले, तर रंगाचे काम पुढे ढकलणे हाच शहाणपणा. छपराची गळती, नळाचे झिरपणे, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा पायातून वर चढणारी ओल, यांपैकी कशावरही रंग हा उपाय नाही. आतून लावलेला जलरोधक लेप ओलीचा मार्ग फार तर बदलतो, ओल नाहीशी करीत नाही.

येथे आपल्या एका रूढीविषयी आदरपूर्वक लिहिणे प्राप्त आहे. मुंबईत आणि कोकणात गणेशचतुर्थीपूर्वी घर रंगवून काढण्याची प्रथा आहे, आणि तिच्यामागील श्रद्धा व उत्साह मोलाचा आहे. परंतु जेथे वर्षाकाठी दोन ते तीन हजार मिलिमीटर, आणि कोठे कोठे त्याहूनही अधिक, पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत पडतो, तेथे श्रावणातील भिंत कितीही कोरडी दिसली तरी आतून ओली असते, आणि दमट हवेत रंगातील पाणी वेळेवर उडून जात नाही. सणासाठी घाईने केलेले ते काम दिवाळीपर्यंत डागाळलेले आढळते, व दोष मात्र डब्यावर येतो. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचे महिने रंगकामास उत्तम होत. गणपतीसाठी ज्यांना घर सजवावयाचे असेल त्यांनी ते वैशाखातच उरकून घ्यावे.

जुन्या भिंतीची परीक्षा तळहाताने होते. हात फिरविताच पांढरी पूड लागली, तर त्या भिंतीवर सफेदीचे किंवा सुक्या डिस्टेंपरचे थर आहेत असे समजावे. त्यावर इमल्शन लावल्यास ते भिंतीला नव्हे, त्या सुट्या पुडीला चिकटते आणि पुढे तिच्यासह गळून पडते. असे थर पत्र्याच्या पट्टीने खरवडून, भिंत धुऊन व वाळवून मगच प्रायमरचा हात द्यावा. लांबी ही खळगे भरून पृष्ठ समतल करण्यापुरती असावी. पातळ थर देऊन, प्रत्येक थर वाळू देऊन, पॉलिशपेपरने घासून, पुन्हा प्रायमर लावून तिचे काम संपते. ओलीचा संभव असलेल्या जागी पांढऱ्या सिमेंटवर आधारलेली लांबी वापरावी, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तेथे कटाक्षाने टाळावे, कारण पाण्याच्या संपर्कात ते मऊ पडते.

आता डब्याकडे वळू. रंगात चार जिन्नस असतात: झाकणारे रंगद्रव्य, ते धरून ठेवणारे रेझिन, दोहोंना पातळ ठेवणारे पाणी किंवा द्रावण, आणि आकारमान वाढविणारी खडू, चिकणमाती किंवा संगजिऱ्याची पूड, यांशिवाय बुरशीनाशक, फेसनाशक इत्यादी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. झाकण्याचे सामर्थ्य मुख्यतः टिटॅनियम डायऑक्साइडपासून येते. प्रकाश वाकविण्याची त्याची शक्ती, म्हणजे अपवर्तनांक, सुमारे २·७ आहे. जुन्या सफेद्याची २ च्या आसपास, खडूची १·६, आणि रेझिनची १·५. रंगद्रव्य आणि रेझिन यांच्या अंकांतील अंतर जितके मोठे, तितका प्रकाश अधिक विखुरतो व मागची भिंत झाकली जाते. आणि म्हणूनच खडूची पूड पाण्यात पांढरी दिसली तरी रेझिनमध्ये जवळजवळ पारदर्शक होते. हे टिटॅनियम ज्या काळसर इल्मेनाइट वाळूतून काढतात, ती केरळच्या किनाऱ्याप्रमाणे आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते. ते महाग पडते, आणि हलक्या व भारी रंगाच्या किमतीतील अंतराचे ते एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण रेझिन. अस्सल ॲक्रिलिक रेझिन अल्काला, पाण्याला आणि उन्हाला तोंड देते. व्हिनाइल ॲसिटेटचे रेझिन स्वस्त असते, कोरड्या खोलीत ते ठीक चालते, परंतु ओलसर सिमेंटच्या भिंतीवर त्याचा टिकाव कमी. रेझिनच्या प्रकाराइतकेच त्याचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. पाक कमी पडलेला बुंदीचा लाडू जसा हातात धरताच मोकळा होतो, तसा रेझिन कमी पडलेला रंग ओल्या फडक्यासरशी पुडीच्या रूपाने सुटतो. रंगद्रव्याच्या आणि पुडीच्या प्रत्येक कणाभोवती रेझिनचे वेष्टन पुरेसे असेल, तर थर सलग राहतो. ते एका मर्यादेखाली उतरले की कणाकणांमध्ये पोकळ्या राहतात. या पोकळ्यांतील हवाही प्रकाश विखुरते, त्यामुळे हलका रंग ओला असताना भिंत झाकीत नाही, पण सुकल्यावर आश्चर्य वाटावे इतका पांढरा दिसतो, आणि ग्राहक संतुष्ट होतो. पुढे त्याच पोकळ्यांत स्वयंपाकघरातील तेल, मुलांच्या हातांचा मळ आणि पावसाळ्यातील ओल मुरते, व पुसू जाता डाग पसरतो. स्वस्त आणि उत्तम रंगांतील खरा भेद नव्या भिंतीवर दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो, याचे हे शास्त्रीय कारण.

या दृष्टीने पाहता बाजारातील प्रकारांची प्रतवारी आपोआप लागते. पाण्यात कालवावयाचे सुके डिस्टेंपर हे जवळजवळ सर्वस्वी पूड असते, आणि आता त्याची शिफारस करण्यासारखी स्थिती उरलेली नाही. ॲक्रिलिक डिस्टेंपर हे त्याहून पुष्कळ बरे असून छताला, कोठीच्या खोलीला आणि भाड्याने द्यावयाच्या घराला ते किफायतशीर पडते. साधे इमल्शन निजण्याच्या खोलीला पुरते. बैठकीच्या खोलीला, जिन्याला, मुलांच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला मात्र धुता येणारे, रेझिनने समृद्ध असे वरच्या दर्जाचे ॲक्रिलिक इमल्शन घ्यावे, आणि न्हाणीघराच्या भिंतीसाठी बुरशीनाशक असलेले. चकाकीविषयी नियम साधा आहे: मॅट पृष्ठ गिलाव्याचे उंचसखलपण लपविते पण डाग धरते, चकाकणारे पृष्ठ सहज पुसता येते पण गवंड्याच्या हातचा प्रत्येक दोष उघडा करते, म्हणून भिंतीसाठी मंद चकाकी हा मध्यम मार्ग बहुधा हितकर ठरतो. प्लॅस्टिक इमल्शनसाठी आय. एस. १५४८९ आणि धुता येणाऱ्या डिस्टेंपरसाठी आय. एस. ४२८ ही भारतीय मानके आहेत. डबा घेताना त्यांचा उल्लेख, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक अवश्य पाहावा.

ज्याला स्वतः परीक्षा करावयाची असेल त्याने दोन प्रतींचे लहान डबे आणून, अर्धा काळा व अर्धा पांढरा असलेल्या पुठ्ठ्यावर दोहोंचा सारखा हात द्यावा. सुकल्यावर काळा भाग ज्याच्याखाली कमी जाणवेल त्याचे झाकण्याचे सामर्थ्य अधिक; आणि दोन-तीन आठवड्यांनी, थर पुरता पक्व झाल्यावर, ओल्या फडक्याने सारख्या जोराने घासले असता ज्याची पूड फडक्याला कमी लागेल त्याचे रेझिन अधिक.

दारे, चौकटी, खिडक्या आणि कठडे यांचा मामला निराळा आहे. भिंतीला कोणी वारंवार हात लावीत नाही; दार दिवसातून अनेक वेळा उघडते, मिटते, आपटते. तेथील रंग कठीण हवा, ब्रशाच्या रेघा मिटवून सपाट बसणारा हवा, आणि दार मिटले असता चौकटीला चिकटून न बसणारा हवा. भिंतीचे उरलेले इमल्शन चौकटीला फासण्याची काटकसर यासाठीच अंगाशी येते. अल्किड इनॅमल या तिन्ही कसोट्यांस उतरतो, सपाट व तेजस्वी बसतो, आणि स्वस्तही असतो. परंतु तो हवेतील प्राणवायूच्या संयोगाने वाळत असल्यामुळे दुसरा हात देण्यास रात्रभर थांबावे लागते, त्याचा वास काही दिवस रेंगाळतो, आणि उजेड न पोहोचणाऱ्या जागी पांढरा अल्किड कालांतराने पिवळा पडतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल पिवळा पडत नाही, लवकर वाळतो, व त्याचा वास सौम्य असतो; तो महाग पडतो आणि लावण्यास अधिक सफाई लागते. घरातील पांढऱ्या किंवा फिकट चौकटींसाठी मी दुसऱ्याची, आणि बाहेरच्या गजांसाठी व ग्रिलसाठी पहिल्याची शिफारस करीन.

लाकडाला रंगापूर्वी शिरांच्या दिशेने घासून, गाठींवर लाखेचा हात देऊन, वुड प्रायमर लावणे आवश्यक आहे. आणि दाराच्या वरच्या व खालच्या कडा, ज्या कोणाच्या नजरेस पडत नाहीत, त्यांनाही रंग दिला पाहिजे, कारण पावसाळ्यात दार फुगते ते मुख्यतः त्या उघड्या कडांतून ओल शिरल्यामुळे. लोखंडावरील गंज तारेच्या ब्रशाने निघेपर्यंत घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. समुद्रकाठच्या गावी प्रथम गोड्या पाण्याने खारटपणा धुऊन काढावा, नाहीतर क्षार रंगाखालीच कोंडले जाऊन गंज आतून वाढतो. उत्तम सागवान मात्र रंगाखाली झाकू नये. त्याला पॉलिश किंवा पारदर्शक वार्निश शोभते.

आरोग्याची बाब स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. सफेदा आणि शेंदूर ही शिशाची संयुगे होत, आणि शिसे विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. १९२१ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरांच्या आतील रंगकामात सफेद्याच्या वापराला प्रतिबंध करणारा करार संमत केला. आपल्याकडे केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. डब्यावरील तसा निर्देश पाहिल्यावाचून, विशेषतः अपरिचित कारखान्याचा इनॅमल, घेऊ नये. जुन्या वाड्यांतील व चाळींतील दारांवर तेलरंगाचे अनेक थर चढलेले असतात, आणि त्यांत शिसे असण्याचा संभव मोठा. ते कोरडे घासून धूळ उडवू नये. पाण्याने भिजवून घासावे, पडलेली पूड ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, आणि काम चालू असताना मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

खर्चाचा हिशेब लिटरच्या दराने करणे ही चूक सार्वत्रिक आहे. भिंतीवर राहतो तो सुका थर. पाणी उडून जाते. ज्या रंगात घनभाग आकारमानाने शेकडा ४० आहे, त्याच्या एका लिटरमागे ४०० मिलिलिटर द्रव्य भिंतीवर उरते. शेकडा ३० असेल तर ३००. उदाहरणादाखल बारा फूट बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेऊ. तिच्या भिंती ४४० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे ६० वजा जाता ३८० राहतात. एका लिटरमध्ये एका हाताला अजमासे १२० चौरस फूट धरले, तर दोन हातांना साडेसहा लिटरच्या आत रंग लागेल. पण हलक्या रंगाला तिसरा हात द्यावा लागला तर तोच आकडा साडेनऊवर जातो, आणि मजुरीही दीडपट होते. मजुरी पुष्कळदा साहित्याच्या किमतीइतकी किंवा तिच्याहून अधिक असते, आणि रंग हलका असो वा भारी, प्रत्येक हाताची मजुरी तीच. दोन वर्षांनी उतरणाऱ्या रंगात वाचविलेले पैसे दुसऱ्या वेळच्या मजुरीत सव्याज परत जातात.

रंगाऱ्याशी करावयाचा करारही या हिशेबाचाच भाग आहे. उत्तम इमल्शनात डब्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातले तर ते हलक्या इमल्शनाच्या पंक्तीला बसते. म्हणून रंगाचे नाव, प्रत, हातांची संख्या, पाण्याचे प्रमाण आणि लांबीचे थर हे सर्व कागदावर लिहून घ्यावे, आणि साहित्य शक्य तर स्वतः आणावे. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी बक्षिसाची कूपने ठेवण्याची पद्धत या धंद्यात आहे. तेव्हा शिफारस ऐकताना तीही ध्यानात असावी. परंतु जाणत्या रंगाऱ्याचा अनुभव हा कोणत्याही माहितीपत्रकाहून मोठा असतो, आणि त्याला रास्त मजुरी दिली तर तो तो अनुभव मोकळेपणाने देतो.

छटेविषयी थोडक्यात. कार्डावरील चौकोन भिंतीवर अधिक गडद भासतो, म्हणून दोन फूट चौरस नमुना प्रत्यक्ष भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या प्रकाशात पाहावा. अतिगडद छटा टिटॅनियम कमी असलेल्या मिश्रणापासून बनतात आणि त्यांना हात जास्त लागतात. गेरू, पिवळी माती यांच्यासारख्या लोहाच्या रंगद्रव्यांपासून बनलेल्या छटा ऊन व अल्क दोन्ही सोसतात. भडक पिवळे आणि लाल बाहेरच्या भिंतीवर लवकर विटतात. एका खोलीसाठी आणलेले सर्व डबे एकाच बॅचचे असावेत, आणि नसतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत.

या सर्व विचाराचा निष्कर्ष असा की, ऐपत मर्यादित असेल तेव्हा खर्चाची वाटणी करण्यात खरे चातुर्य आहे. छतावर आणि निजण्याच्या खोलीत साधी प्रत वापरावी. जेथे हात लागतो, पाणी उडते आणि दार आपटते तेथे उत्तम प्रत वापरावी. आणि जाहिरातीतील विशेष गुणांसाठी मोजावयाचा पैसा भिंतीच्या तयारीकडे वळवावा. मध्यम प्रतीचा रंग नीट तयार केलेल्या कोरड्या भिंतीवर वर्षानुवर्षे टिकतो. सर्वांत महागडा रंग ओल्या, पूड सुटणाऱ्या भिंतीवर एक पावसाळाही काढीत नाही. तेव्हा वाचकांना विनंती इतकीच की, त्यांनी पुढच्या खेपेस दुकानात जाण्यापूर्वी आपल्या भिंतीवरून एकदा तळहात फिरवावा, गळती आधी दुरुस्त करून घ्यावी, आणि घासण्या-वाळविण्यासाठी रंगाऱ्याला लागतील तितके दिवस, त्या दिवसांच्या मजुरीसह, द्यावेत.